डेरीच्या बोर्डावर पोरांची वजनं

चाफेवाडीत माणसांची मोजणी दहा वर्षांतून एकदा होते आणि म्हशीच्या दुधाची दिवसातून दोनदा. कोडोलीपासून अर्ध्या तासाच्या चालीवर असलेली ही नव्वद घरांची वाडी. गावात देऊळ आहे, तालीम आहे, पण गावाचा जीव अडकलेला आहे तो दूध संस्थेत. तिला सगळे डेरी म्हणतात. सकाळ-संध्याकाळ भोंगा झाला की किटल्या घेऊन सगळं गाव तिथं रांगेत उभं राहतं, आणि घरी भांडण झालेली नवरा-बायकोसुद्धा त्या रांगेत एकमेकांशी बोलतात.

या गावात प्रियदर्शनीबाईंकडं म्हैस नव्हती. त्यांच्याकडं अंगणवाडी होती.

बाईंच्या वडिलांनी छप्पन सालानंतर दीक्षा घेतली आणि पुढं मुलगी झाली तेव्हा हौसेनं नाव ठेवलं प्रियदर्शनी. लग्न होऊन त्या चाफेवाडीच्या बौद्धवाड्यात आल्या. एवढं लांबलचक नाव घ्यायला गावाला सवड नव्हती, म्हणून गाव त्यांना नुसतं बाई म्हणायचं. १९८८ साली त्या अंगणवाडी सेविका झाल्या आणि २००८ पर्यंत राहिल्या. मधल्या वीस वर्षांत गावातली पाचशेच्या वर पोरं त्यांनी तोलली, लस टोचायला धरून ठेवली आणि नाक पुसून घरी पाठवली. आवाज खणखणीत. स्वभाव असा, की समोरच्याला राग येईल का, हा विचार त्यांना बोलून झाल्यावर सुचायचा.

अंगणवाडी भरायची तालमीमागच्या एका खोलीत. बाईंच्या हाताखाली मदतनीस होत्या तानाबाई. नवरा गेल्यापासून त्या अंगणवाडीतच रमलेल्या, अंगानं आडव्या, आणि कुठल्याही संकटात आधी चहा ठेवणाऱ्या. खोलीच्या भिंतीवर सरकारी रंगात एक हत्ती काढला होता. 'हे काय?' असं विचारलं की बेचाळीस पोरं एका सुरात ओरडायची, "म्हस!" सोंडेचं काय, असं विचारलं तर म्हणायची, "चारा खातीया." बाईंनी तीन वर्षं हत्तीची बाजू घेतली आणि मग नाद सोडला.

बाईंची खरी डोकेदुखी होती पालक सभा. मुख्यसेविका महिन्यातून एकदा तपासणीला यायच्या आणि रजिस्टर उघडून एकच शब्द म्हणायच्या, लोकसहभाग. पालकांनी अंगणवाडीत आलं पाहिजे, प्रश्न विचारले पाहिजेत, गावानं पोरांची जबाबदारी घेतली पाहिजे. बाईंना ते सोळा आणे पटायचं. गावाला पटत नव्हतं. पहिल्या सभेला ज्ञानू म्हातारा आला, तोही पेन्शनचं काहीतरी आहे असं समजून, आणि त्याच्या मागनं त्याची शेळी आली. दुसऱ्या सभेला तीन बायका आल्या, सुकडीचं पाकीट घेतलं आणि गेल्या. तिसऱ्या सभेला शेळी एकटीच आली.

मग तानाबाईंनी तोडगा काढला. रजिस्टर आणि शाईचा पॅड काखेत मारून त्या घरोघर जाऊ लागल्या.

"सभा झाली व्हय?" अंगठा पुढं करत बाया विचारायच्या.

"झाली की."

"काय ठरलं?"

"पोरास्नी जपायचं ठरलं."

"बरं ठरलं," असं म्हणून बाया अंगठा पदराला पुसायच्या आणि कामाला लागायच्या. रजिस्टर भरायचं, मुख्यसेविका सही करायच्या, आणि बाईंना दर महिन्याला स्वतःची लाज वाटायची.

१९९७ च्या थंडीत एक दिवस पाण्याच्या नळावर प्रीतीनं बाईंना हळूच बाजूला घेतलं. प्रीती म्हणजे हंबीरराव सेक्रेटरींची सून.

"बाई, माझी अक्षता लई हलकी लागतीया ओ. उचलली की कळतंया. पर घरात कुणाला सांगू?"

दुपारी सासू झोपलेली बघून ती पोरीला घेऊन आली. बाईंनी टांगता काटा आड्याला अडकवला, झोळीत अक्षताला बसवलं. पोरीनं दोन वर्षं पुरी केली होती. काटा सात किलो शंभर ग्रॅमवर थांबला. बाईंनी तक्त्यावर टिंब दिलं, ते कुपोषणाच्या तिसऱ्या श्रेणीत पडलं. त्या रेषेखालच्या पोराला चिठ्ठी देऊन कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरकडं न्यावं लागतं, आणि न्यायला घरचं माणूस लागतं. पण हंबीररावांच्या घरातलं मांजरसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय गल्ली ओलांडत नव्हतं. अक्षताला डॉक्टरपर्यंत पोचवायचं, एवढं एकच काम त्या दिवसापासून बाईंच्या डोक्यात बसलं.

हंबीरराव एकोणीस वर्षं डेरीचे सेक्रेटरी होते. दुधात पाणी घातलेलं त्यांना रांगेतल्या माणसाच्या तोंडावरून कळायचं. यंत्र ते फक्त खात्रीसाठी लावायचे. भेसळ सापडली की त्या घरचं दूध तीन दिवस बंद, हा त्यांचा कायदा. एकदा सख्ख्या मेहुण्याचं दूध त्यांनी भर रांगेतनं परत पाठवलं होतं. मेहुणा दोन दिवाळ्या आला नाही, तरी ह्यांची मिशी खाली आली नाही.

बाई त्यांच्या घरी गेल्या. बाई येताना दिसल्या की हंबीररावांच्या मंडळी सोनूबाई सोप्यातली सतरंजी गुंडाळून ठेवायच्या. बाईंना ते दिसायचं, आणि बाईंना दिसतं हे सोनूबाईंना माहीत होतं. म्हणून बाई नेहमी उभ्यानंच बोलायच्या, जरा जास्त मोठ्यानं.

"तात्या, अक्षताचं वजन सात एक भरलंय."

हंबीररावांचा चेहरा फुलला. "सात एक? आरं व्वा! आमची मुऱ्हा म्हस सोडली तर अख्ख्या गावात सात एक कुणाला लागत न्हाय."

"तात्या, ती दुधातली फॅट न्हवं. किलो हाईत. दोन वर्साच्या पोरीला अकरा-बारा पायजेत."

"बारा?" हंबीरराव हसले. "बाई, बारा कुठल्या म्हशीला लागलीया का आजवर?"

"पोरगी म्हस हाय का तुमची?"

इथं सोनूबाई आतनं बाहेर आल्या. "दारात चार म्हशी हाईत आमच्या. आमच्यात कुपोषण? दुसरीकडं बघा जावा. आमच्या घरची हाडंच बारीक." सोनूबाईंची हाडं बारीक असतीलही, पण ती आजवर कुणाच्या नजरेला पडली नव्हती. "आन् ते अंगणवाडीतलं खाणं तिला मानवत न्हाय. आमी धाडणार न्हाय."

का मानवत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. बाई पाय आपटत परत आल्या. तानाबाईंनी चहा ठेवला.

चहा पिता पिता बाईंना खिडकीतून डेरीची संध्याकाळची रांग दिसली. ज्या गावानं सभेला शेळी पाठवली होती, ते सगळं गाव तिथं शिस्तीत उभं होतं. काखेत पोरं होती, हातात किटल्या होत्या. भोंग्यावर हंबीरराव एकेकाची फॅट पुकारत होते, आणि बोर्डावर आकडा पडला की माणसं माना उंच करून बघत होती. बाईंनी कप तसाच ठेवला आणि काटा उचलला.

"तात्या, म्हैन्यातनं एकदा माझा काटा तुमच्या डेरीत टांगू का?"

काटा म्हटल्यावर हंबीररावांना नाही म्हणता येईना. "टांगा की. पर काटा आला म्हंजी बोर्ड बी आला. तोलायचं आन् लिवायचं न्हाय, असलं आमच्यात चालत न्हाय."

पहिल्या तोलाला हंबीररावांनी सगळा कारभार हातात घेतला. बाई काटा बघायच्या, हंबीरराव भोंग्यावर पुकारायचे. बाळासोच्या यशराजची पाळी आली. पोरगं तीन वर्षांचं, पण झोळीत मावेना.

"यशराज बाळासो! सोळा चार!"

रांगेतनं "आयला!" असा एकच आवाज निघाला. बाळासोच्या दारात एकच म्हैस, तीही आटलेली. आयुष्यात त्याचा आकडा बोर्डाच्या वरच्या ओळीत कधी गेला नव्हता. तो गदा जिंकल्यासारखा पोराला खांद्यावर घेऊन डेरीभोवती फिरला. माणसं त्याच्याभोवती गोळा झाली. "काय घालतोस रं त्येला? पेंड कंची?" बाळासो म्हणाला, "पेंड न्हवं. त्येची आई शेंगदाण्याचं कूट आन् गूळ देतीया. आन् डाळ. बाईंनी सांगितलतं तिला."

सगळ्या माना बाईंकडं वळल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदाच बापलोक बाईंना प्रश्न विचारत होते. अंडं किती द्यायचं, भाकरी दुधात कुस्करायची का, पोरगं माती खातंय त्याला काय करायचं. त्या दिवशी एकशे बारा अंगठे पडले आणि तानाबाईंचा शाईचा पॅड कोरडा झाला. बाई हरखून गेल्या. एक गोष्ट तेवढी सलत होती. अक्षता आली नव्हती. सोनूबाईंनी सर्दीचं निमित्त सांगितलं होतं.

चार दिवसांत गावात कुजबुज सुरू झाली. सगळ्यांची पोरं बोर्डावर, मग सेक्रेटरीची नात कुठं हाय? सोनूबाईंच्या कानावर गेलं.

दुसऱ्या महिन्यात अक्षता आली. दुसऱ्या महिन्यात सगळीच पोरं आली, आणि सगळीच वाढली होती. कुणी दीड किलो वाढलं होतं, कुणी पावणेदोन. एका पोराच्या तोंडाला केळ्यांचा असा वास होता की माशा त्याच्यामागनं रांगेत आल्या होत्या. दुसऱ्याचं पोट गुळाच्या पाण्यानं डचमळत होतं आणि झोळीत बसवताच ते सगळं तानाबाईंच्या अंगावर आलं. एक पोरगं तीन वर्षांचं म्हणून आणलेलं, त्यानं बाईंना पाचाचा पाढा म्हणून दाखवला. आणि अक्षता सात किलो सहाशे भरली.

बाईंनी पोरीकडं बघितलं. गाल तेच, हातापायाच्या काड्या त्याच. सोनूबाई मात्र डोंगराकडं बघत होत्या.

मुख्यसेविका रजिस्टर बघून आनंदानं उठूनच उभ्या राहिल्या. "बाई, एका महिन्यात तिसरी श्रेणी रिकामी! लोकसहभाग म्हणतात तो हा!" आता गाव कुपोषणमुक्त म्हणून कळवायचं, कुपोषित पोरांची दुप्पट आहाराची पाकिटं बंद करायची, असं त्यांनी तिथंच ठरवलं.

"आणि अक्षताची चिठ्ठी?" बाईंनी विचारलं.

"अहो, ती दुसऱ्या श्रेणीत आली की. तिला कोल्हापूरला कशाला?"

लोकांचा सहभाग मिळाला होता, तोही असा भरभरून, की खरी आजारी पोर त्याखाली दिसेनाशी झाली होती. आपणच हा खेळ मांडला, असं त्यांना वाटलं आणि स्वतःचाच राग आला. शेवटी त्या उठल्या आणि संध्याकाळच्या भर रांगेत जाऊन हंबीररावांसमोर उभ्या राहिल्या.

"तात्या, तुमच्या डेरीत भेसळ झालीया."

हंबीररावांच्या हातातलं माप तसंच राहिलं. "काय म्हनला?"

"दुधात न्हवं. पोरांत. गेल्या तोलाला निम्मं गाव पाणी घालून आलतं. आन् तुमच्या बोर्डावर तुमी ते लिवलासा."

हंबीररावांचे कान लाल झाले. एकोणीस वर्षांत त्यांच्या बोर्डावर खोटा आकडा चढला नव्हता. त्यांनी भोंगा हातात घेतला आणि तिथल्या तिथं जाहीर केलं, की सोमवारी सकाळी सहाला पुन्हा तोल होईल. पोरानं पाणी प्यायच्या आधी यायचं. अंगावर वाळं, साखळी, ताईत काही नको. "आन् भेसळ सापडली तर त्या घरचं दूध तीन दीस बंद! मग त्यो कुनी का आसंना!"

सोमवारी डेरीसमोर जो प्रकार झाला तो चाफेवाडी अजून विसरलेली नाही. हंबीररावांनी दुधाची सगळी शिस्त पोरांना लावली. किटली हलवून मगच नमुना घ्यायचा असतो, म्हणून ते प्रत्येक पोराला आधी काखेत धरून हलवायचे आणि पोटाला कान लावून आवाज ऐकायचे. "ह्येच्यात पाणी हाय. बाजूला बसवा, मुतल्याबिगार घ्यायचं न्हाय." एका पोराच्या चड्डीत नदीतले गोटे निघाले. पोराला विचारलं तर म्हणालं, "आज्जीनं घाटल्यात." एकाच्या कमरेला साखळीला बांधलेलं मोठं कुलूप सापडलं, बाप म्हणाला, नवसाचं आहे. पाढे म्हणणारं पोरगं ह्या वेळी मुकं झालं होतं, पण हंबीररावांनी त्याचे दात मोजले, जसे गुरांच्या बाजारात मोजतात, आणि परत पाठवलं. ज्ञानू म्हातारा शेळी घेऊन आला आणि तिलाही तोला म्हणाला. सकाळी साडेसातपर्यंत नऊ घरांचं दूध बंद झालं होतं. प्रत्येक नावावर रांग टाळ्या वाजवत होती, आणि टाळ्या वाजवणाऱ्याचं नाव पुढं आलं की टाळ्या अजून वाढत होत्या.

मग अक्षताची पाळी आली. झडती घ्यायचं काम तानाबाईंकडं, पण सेक्रेटरीच्या नातीची झडती घ्यायला त्यांचा हात धजेना. हंबीरराव हसत पुढं झाले. "आन हिकडं. माझी नात मीच तोलतो."

त्यांनी पोरीला उचललं आणि त्यांचं हसू थांबलं. झबल्याच्या आत, कमरेपाशी, हाताला काहीतरी गार आणि टणक लागलं होतं. रांगेला काही कळलं नाही. बाईंना कळलं, कारण त्या हातभर अंतरावर होत्या. हंबीररावांनी सोनूबाईंकडं बघितलं. सोनूबाई पुन्हा डोंगर बघत होत्या.

गप्प बसले असते तर चाललं असतं. काटा साडेसात दाखवणार, बोर्डावर आकडा पडणार, मिशी जागेवर राहणार. बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या बोलायच्या आधी थांबल्या. हे त्यांनी सांगून भागणार नव्हतं.

हंबीररावांनी झबल्यात हात घातला आणि फडक्यात बांधलेली वस्तू सोडली. पाचशे ग्रॅमचं लोखंडी माप निघालं, डेरीत पेंड तोलायचं, महिनाभर सापडत नव्हतं ते. नाव सोनूबाई आणि हाती लोखंडाचं माप, असं मागं कुणीतरी पुटपुटलं, पण हसायचं धाडस कुणाला झालं नाही. हंबीररावांनी माप टेबलावर ठेवलं आणि पोरीला पुन्हा उचललं. चाळीस लिटरचा कॅन रोज उचलणारा तो हात. पोरगी कागदाच्या पिशवीसारखी वर आली. त्यांनी तिला खाली ठेवलं, परत उचललं. परत तसंच.

"बाई," ते हळू म्हणाले, "आत काय न्हायच की ओ."

"तेच सांगत हुतो तात्या."

काटा बरोबर सातवर थांबला. अंगणवाडीतल्या त्या पहिल्या वजनापेक्षाही शंभर ग्रॅम खाली. हंबीररावांनी भोंगा तोंडाजवळ नेला.

"अक्षता. सात किलो. भेसळ सापडली. हंबीरराव सेक्रेटरीच्या घरचं दूध तीन दीस बंद."

त्यांनी खडू घेऊन स्वतःच्या हातानं आकडा लिहिला. त्या नावावर कुणी टाळी वाजवली नाही.

त्याच दिवशी बाईंनी चिठ्ठी दिली, आणि वडापच्या जीपमध्ये हंबीरराव, प्रीती, अक्षता आणि बाई असे चौघं कोल्हापूरला गेले. डॉक्टरीण तरुण होती. तिनं पोरीला उलटंसुलटं तपासलं, पोटात जंत आहेत, अंगात रक्त कमी आहे असं सांगितलं आणि औषधं लिहिता लिहिता विचारलं, "घरी दूधदुभतं आहे का?"

हंबीरराव जरा ताठ झाले. "चार म्हशी हाईत. दोन टायमाचं बावीस लिटर."

"छान. त्यातलं ही किती पिते?"

गावातल्या प्रत्येक म्हशीचं दूध थेंबापर्यंत सांगणाऱ्या त्या माणसानं सुनेकडं बघितलं. प्रीती आजवर सासऱ्यांपुढं कधी बोलली नव्हती.

"डेरीला घालून आलो की किटली इसळतो," ती खाली बघत म्हणाली. "त्या पाण्याचा चा करतो. त्येच्यात जेवढं आसंल तेवढं."

डॉक्टरीण लिहीत राहिली. हंबीरराव फरशीकडं बघत बसले. परत येताना वडापमध्ये त्यांच्या मांडीवर पोरगी झोपली होती आणि त्यांनी पाय हलवला नाही. बाईंना त्यांची दया आली. त्यांचा रागही येत होता, आणि दोन्ही एकदम वाटत असल्यानं त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

घरी बावीस लिटर दूध येत होतं आणि ते घालायला जागा नव्हती. पहिल्या दिवशी सोनूबाईंनी खवा केला, दही लावलं, गल्लीत वाटलं, तरी पातेली भरलेलीच. अक्षताला पेला दिला तर ती तोंड फिरवायची. पाणचट चहाची सवय, दूध म्हणजे काय हे त्या पोरीला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रीतीनं कॅन उचलला आणि अंगणवाडीत आणून ठेवला. तानाबाईंनी दूध तापवलं, गूळ घातला. बेचाळीस पोरं ओळीत बसून मिशा पांढऱ्या करून प्यायला लागली.

थोड्या वेळानं दारात सोनूबाई उभ्या. कडेवर अक्षता.

"हितं पोरं पितात म्हनं," त्या दाराशीच म्हणाल्या. "माझ्या हातनं घेत न्हाय. तुमी देऊन बघता का?"

बाईंनी सतरंजी अंथरली. "बसा." सोनूबाई एक क्षण थांबल्या आणि बसल्या. बाईंनी अक्षताला यशराजच्या शेजारी बसवलं आणि दुधाची वाटी तिच्या ओठाला लावली. पोरीनं यशराजकडं बघितलं, त्याच्या मिशा बघितल्या. तिलाही मिशा पाहिजे होत्या. तिनं वाटी दोन्ही हातांनी धरली. सोनूबाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या आणि तानाबाई चहा ठेवायला उठल्या, मग दुधाचं पातेलं बघून परत बसल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बंदी उठायची होती. डेरीची रांग लागली. हंबीरराव आपल्या घरची किटली हातात घेऊन टेबलामागं उभे राहिले, पण माप उचलेनात. त्यांनी भोंगा सुरू केला. दोनदा घसा खाकरला. अंगणवाडीत पोरांची भांडी आवरता आवरता बाईंना आवाज ऐकू आला.

"समद्यांनी ऐका. उद्यापास्नं नवा कायदा. ज्येच्या घरात पोरगं हाय त्येनं आदी पोराची वाटी बाजूला काडायची आन् मगच डेरीला यायचं. पोराच्या वाट्याचं दूध किटलीत आलं तर ती बी भेसळच. मी धरनार. आन् मला कळतंय, कसं कळतंय ते इचारू नगा." भोंग्यात थोडी खरखर झाली. "मला कळत नव्हतं. आता कळतंय."

बाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. त्या खाली बसल्या आणि मुसमुसून रडल्या. तानाबाई घाबरून विचारत राहिल्या, "काय झालं ओ बाई? काय म्हनलं ते सेक्रेटरी? कुनाचं दूध बंद केलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चाफेवाडीचं दूध अकरा लिटर कमी भरलं. तासाभरानं डेरीतला फोन वाजला. दूध संघाचा माणूस होता. एका रात्रीत एवढं दूध कमी कसं, म्हशींना रोग आला का, दूध चोरीला गेलं का, असं त्यानं विचारलं.

"पोरांनी पिलं," हंबीरराव म्हणाले आणि फोन ठेवून दिला.